गोदाक्काचे फिके लाडू

सकाळी दूध गॅसवर ठेवलं होतं आणि फोन वाजला. पलीकडून माझा भाचा माधव बोलत होता. "मावशी..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मी काय ते समजले. माझी थोरली बहीण गोदाक्का देऊळगावराजाला, आपल्याच अंगणात, कोवळ्या उन्हात बसल्या बसल्या गेली. चहा अर्धा प्यायला होता, अर्धा तसाच राहिला. वय झालं होतं, कुणाला त्रास दिला नाही, सोनं झालं... येणारीजाणारी माणसं असंच म्हणत होती आणि मी मान हलवत होते. मनात मात्र एकच येत होतं, अजून दोन-चार वर्षं राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? तिला जाऊन आता दीड महिना झाला. जालन्याहून देऊळगावराजा म्हणजे एसटीनं फार तर तासाभराचा रस्ता. पण आम्हा दोघी बहिणींच्या आयुष्यात अशी काही वर्षं आली, की तेवढा रस्ता वर्षातून जेमतेम एकदा ओलांडला जायचा. त्याला कारण झालं कढईत पडणारं चिमूटभर पिवळं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ते तसंच झालं.

आमचे आबा हलवाई. जालन्याच्या बाजारात त्यांचं दुकान, दुकानामागं भट्टी आणि भट्टीमागं आमचं घर. राज्य निजामाचं, कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, घरात मराठी. आबांना मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी, आणि आमच्यात आठ-नऊ वर्षांचं अंतर, कारण मधली भावंडं जगली नाहीत. मायला घरकामातून सवड नसायची, म्हणून माझी वेणी-फणी, न्हाऊमाखू सगळं गोदाक्काकडं. त्या काळात पोरीबाळींना भट्टीजवळ कोण येऊ देतंय, पण आबांनी गोदाक्काला येऊ दिलं. बुंदी पाडायला तिचा हात असा काही बसला होता की आबा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मागं न बघता नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "गोदी बसली वाटतं झाऱ्यावर." हात कायम बेसनानं भरलेले, त्यामुळं हसू आलं की ती तोंडावर कोपर धरायची. ही सवय तिची शेवटपर्यंत राहिली. हात कोरडे असले तरी कोपरच वर जायचं.

दुकानाला लागून मौलाभाई रंगाऱ्याचं घर होतं. लुगडी, पागोटी रंगवायचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडं रेल्वेनं मुंबईहून विलायती रंगांच्या डब्या यायच्या. त्यातला पिवळा असा होता की नखावर मावेल एवढा घ्यावा आणि कढईभर पीठ झेंडूच्या फुलासारखं व्हावं. मौलाभाईंनीच तो आबांना दिला. पहिल्यांदा आबा जरा बिचकले होते म्हणे. तेव्हा मौलाभाई म्हणाले, "अरे हलवाईसाब, औरंगाबाद क्या, हैदराबाद क्या, सब येइच खा रे. किसकू क्या हुआ?" त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्या बाजारात तोच रंग चालायचा. बेसनाची बुंदी मुळात मातकट पिवळी, जिलेबी तर पांढुरकी. हा रंग पडला की दुकान लांबून उजळून दिसायचं. आबांच्या परातीपुढं माणसं थबकायची. डबीवर विंग्रजीत काय लिहिलंय ते आम्हाला कुणाला वाचता येत नव्हतं, आणि वाचून घ्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

गोदाक्काचं लग्न देऊळगावराजाच्या हलवायाच्या घरात झालं. गाव जवळचं, पण तिकडं वऱ्हाड लागायचं. वऱ्हाडात अंमल इंग्रजांचा, इकडं मोगलाई. मध्ये करोडगिरीचा नाका, तिथं गाठोडी सोडून दाखवावी लागायची, जकात द्यावी लागायची. लग्नानंतर पहिल्यांदा ती माहेरी आली तेव्हा हसत हसत सांगत होती, "आबा, आमच्याकडं सरकारचा माणूस आल्ता. आपला पिवळा हाय न, त्याला तिकडं बंदी हाय. खायच्या जिनसात घालायचा न्हाई म्हणतो. शेजारच्या दुकानातला अख्खा घाणा त्यानं नालीत ओतायला लावला." आबांना ते मोठं गमतीचं वाटलं. "इंग्रजाला दुसरा उद्योग न्हाई," ते म्हणाले. "रंग त्याच्याच मुलखातून येऊन राह्यला अन् बंदी बी तोच करून राह्यला!" मौलाभाईंना बोलावून त्यांनी तो किस्सा पुन्हा सांगायला लावला. सगळे पोट धरून हसले. गोदाक्काही कोपर धरून हसली...

माधव दोनेक वर्षांचा असताना ती दिवाळीला आली. आबांचा पहिला नातू. दुकानात आले-गेलेल्याला आबा त्याला उचलून दाखवायचे. त्या दिवशी गरम बुंदीची मूठ भरून त्यांनी स्वतः त्याला खाऊ घातली. लेकरू खुशीनं खात होतं. थोड्या वेळानं मी त्याला खेळवत होते, तर त्याच्या ओठांना सूज दिसली. मग अंगावर गांधी उठल्या, मग छातीत घरघर सुरू झाली. मी ओरडले. गोदाक्का हातातलं टाकून धावत आली. तिनं लेकराला उचललं आणि तशीच अनवाणी दवाखान्याकडं पळत सुटली. मागं आबा, त्यांच्यामागं मी. डॉक्टरनं सुई दिली, उताणं-पालथं करून पाहिलं. संध्याकाळपर्यंत माधवचा श्वास ठिकाणावर आला. "खाण्यातलं काहीतरी बाधलंय," डॉक्टर म्हणाला. "कशानं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण जे खाल्लं ते पुन्हा देऊ नका."

घरी आल्यावर गोदाक्का आबांच्या समोर बसली. आवाज चढवलेला मला आठवत नाही. "आबा, तेवढा रंग सोडून द्या."

"अगं, साऱ्या जालन्याची लेकरं खाऊन राह्यली. एकाला तरी काही झालं का?"

"माझ्याला झालं न."

"त्या रंगानंच झालं कशावरून? डॉक्टर बी नक्की सांगंना. तुझ्या सासरचं खूळ तू माझ्या दुकानात आणून राह्यली."

"मला बी नक्की म्हाईत न्हाई आबा," ती म्हणाली. "पण तिकडं काहून बंदी केली असंल त्याचा इचार तर करा. जवर हा रंग कढईत हाय, तवर मी अन् माझं लेकरू या घरातलं काही खाणार न्हाई."

"मंग माहेराला यायचंच कशापायी?"

आबांच्या तोंडून ते निघून गेलं. निघाल्यावर त्यांनाही कळलं असावं, कारण ते लगेच उठून भट्टीकडं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी वेणी घातली. नेहमीपेक्षा सावकाश घातली... आणि भाऊजी घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेली.

त्यानंतर ती माहेराला येईना. पंचमी गेली, दिवाळी गेली. माय दर सणाला बोलावणं पाठवायची आणि निरोप यायचा, "दुकानाचं काम हाय." आबांनी स्वतः एकदाही बोलावणं पाठवलं नाही. आमची भेट व्हायची ती वर्षातून एकदा, देऊळगावराजाला बालाजीची यात्रा भरायची तेव्हा. माय आणि मी बैलगाडीनं जायचो. वस्तीत शिरलं की मी गाडीतून उडी मारून पुढं पळायचे. यात्रेत भाऊजींचं मिठाईचं दुकान लागायचं आणि झाऱ्यावर गोदाक्का. मला पाहिलं की ती तोंडभर हसायची. हात बेसनानं भरलेले असायचे म्हणून जवळ घेता यायचं नाही, मग आपलं कपाळ माझ्या कपाळाला टेकवायची. तिच्या अंगाला तुपाचा, वेलदोड्याचा वास यायचा. तो वास घ्यायला मी वर्षभर थांबलेली असायचे. मायला तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आबांचा खोकला कसा हाय?" परत आल्यावर आबाही भट्टीवरून उठून यायचे आणि विचारायचे, "यात्रेत गर्दी होती का?" एवढंच विचारायचे. माय मग गोदाक्का कशी दिसते, माधव किती उंच झाला, त्याच्या पाठीवर झालेली मुलगी कुणावर गेली, सगळं सांगायची. आबा गर्दीचंच ऐकत असल्यासारखे खाली बघून ऐकायचे.

तिच्या दुकानाचं काही बरं चाललं नव्हतं. फिके लाडू बघून लोक नाकं मुरडायचे, "हे काय, कावीळ उतरल्यावानी!" म्हणायचे. गंमत अशी, की वऱ्हाडातले बरेच लोक लग्नाकार्याचे लाडू न्यायला हद्द ओलांडून जालन्याला यायचे, आबांकडं. पिवळ्याधमक लाडवांच्या टोपल्या नाक्यावर जकात भरून तिकडं जायच्या आणि गोदाक्काच्या दुकानासमोरून मिरवत पुढं जायच्या. एका यात्रेत भाऊजी माझ्यासमोरच तिला म्हणाले, "सारेच लपूनछपून घालतात. आपण बी थोडा टाकू. सरकारचा माणूस रोज थोडाच येतो? कोण बघून राह्यलं?" गोदाक्कानं झारा कढईच्या काठावर आपटला आणि म्हणाली, "मी बघून राह्यले न." भाऊजी हसले आणि मुकाट्यानं पाक ढवळायला लागले. भला माणूस होता तो.

माझं लग्न ठरलं. सासर वाटूरचं, शेतीवाडीचं घर. मी मायला सांगून ठेवलं होतं, आक्का आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही. ती आली. माधवचा हात धरून, कडेवर धाकटीला घेऊन, आणि बरोबर भाकरी, चटणी आणि तिखट-मीठ लावलेल्या पुऱ्यांचा डबा बांधून. मागच्या अंगणात मोठी कढई चढली होती. आबा हातात रंगाची डबी घेऊन उभे होते. तिला बघून ते गोंधळले. "गोदे," ते म्हणाले, "वाटूरचे लोक म्हणतील, हलवायाच्या पोरीच्या लग्नात पांढरे लाडू..." त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं. मला वाटलं, आता भांडण होणार. गोदाक्कानं पदर खोचला, आबांच्या हातातली डबी घेतली, स्वतःच्या हातानं चिमूट पिठात टाकली आणि झाऱ्यावर बसली. दिवसभर तिनं माझ्या लग्नाची बुंदी पाडली. किती वर्षांनी आबांच्या भट्टीवर तो आवाज आला... संध्याकाळी तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. विहिरीवर जाऊन तिनं ते राखेनं घासले, धुतले, पुन्हा घासले, आणि मगच माधवला आणि धाकटीला डब्यातली पुरी भरवली. आबा दारात उभे राहून ते बघत होते. लग्न आटोपलं, ओटी भरून घेऊन ती परत गेली. त्या दोन दिवसांत आमच्या घरचं पाणी सोडून तिनं कशालाही तोंड लावलं नाही.

पुढं ते गडबडीचं साल आलं. गावोगाव धास्ती. कुणाला उचलून नेलं, कुणाचं घर जाळलं, रोज नवी बातमी. वाटूरहून मी माझ्या तान्ह्या मुलीला घेऊन जालन्याला आले आणि तिथून आबा, माय आणि मी हद्द ओलांडून निघालो. बरेच लोक असेच वऱ्हाडात जात होते. आबांनी दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली मौलाभाईंच्या हातात दिली. मौलाभाई म्हणाले, "तुम जाव. मैं बैठा हूँ इधर." आणि ते खरंच दुकानाच्या पायरीवर बसले. नाक्यापलीकडं गाडी गेली तेव्हा मायनं हात जोडले. आबा मात्र गाडीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. लेकीच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गोदाक्का दारातच उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आबांच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "किती वाळले आबा तुम्ही! चला, गरम भाकरी हाय."

त्या घरात आम्ही काही महिने राहिलो. आबांना बसून खायची सवय नव्हती. ओसरीवर बसून ते दुकानातल्या कढईचे आवाज ऐकायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. एका बाजाराच्या दिवशी भाऊजी तापानं फणफणले आणि गोदाक्काची धाकटी मुलगी तिच्या अंगावरून उतरेना. गिऱ्हाईक दाराशी उभं. गोदाक्का ओसरीवर आली. "आबा, एवढा घाणा काढून देता का?"

आबा उठले. हात-पाय धुतले, टोपी नीट केली आणि कढईसमोर बसले. पीठ भिजवलेलं होतं. त्यांनी सवयीनं इकडं तिकडं पाहिलं. "रंग?"

"न्हाई आबा. इथं न्हाई."

ते झारा हातात धरून नुसतेच बसले. मला वाटलं, उठून जातील. तूप तापून धूर निघायला लागला तसं त्यांनी पीठ झाऱ्यावर ओतलं. बुंदी पडली. मग पाक, मग लाडू. पहिला लाडू वळून त्यांनी तळहातावर धरला आणि उजेडाकडं नेऊन बराच वेळ बघत राहिले. "गोदे," ते म्हणाले, "माझी माय असेच करायची गं. तवा ती डबी कुठं होती... मी विसरूनच गेल्तो, लाडू असा दिसतो ते." त्यांनी लाडू फोडला आणि अर्धा तिच्यापुढं धरला. तिच्या कडेवर पोर, दुसरा हात पिठात. तिनं नुसतं तोंड पुढं केलं, लहानपणी करायची तसं. आबांनी घास भरवला. ती चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. आबांनी आपल्या उपरण्यानं तिचा चेहरा पुसला.

"आता यायचं माहेराला?" त्यांनी विचारलं.

"बोलवा तर खरं," ती म्हणाली.

गडबड मिटली, निजामाचा अंमल गेला आणि आम्ही परत आलो. मौलाभाईंनी कुलपाची किल्ली आबांच्या हातात ठेवली तेव्हा दोघेही म्हातारे रडले. आबांनी तो रंग त्या दिवसापासून सोडला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. त्यांनी दोन पराती मांडल्या, एक पिवळी, एक फिकी, आणि फिकीची कढई वेगळी ठेवली. गिऱ्हाईक पिवळीकडंच जायचं. फिकी परात बरेचदा संध्याकाळी तशीच भरलेली राहायची आणि आबा ती शेजारीपाजारी वाटून टाकायचे. तरी त्यांनी ती मांडायची सोडली नाही. पंचमीला त्यांनी स्वतः गाडी पाठवली. गोदाक्का आली. पहिल्या दिवशी जेवायला बसली तेव्हा माय तिच्या पानात वाढतच राहिली, वाढतच राहिली...

माधवला त्या दिवशी नेमकं कशानं झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुढं नाका गेला, हद्द गेली, दोन्हीकडं एकच कायदा आला. तो जुना पिवळा बंद झाला आणि त्याच्या जागी परवानगीचा पिवळा आला. माझा एक नातू परदेशात असतो. तो मागं सांगत होता, तिकडंही तसंच आहे. एका देशात चालणारा रंग शेजारच्या देशात चालत नाही आणि दोन्हीकडचे जाणकार आपापलंच बरोबर म्हणतात. मी ते फोनवर गोदाक्काला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे नाका अजून हायच म्हण की." आणि हसली. मला दिसत नव्हतं, पण कोपर वर गेलं असणारच.

तिची एक गोष्ट सांगायची राहिली. घरातल्या कोणत्याही लेकराच्या हातात नवं काही खायला आलं, की ती आधी त्यातला कण आपल्या जिभेवर ठेवायची. दुसऱ्या हातानं लेकराचं मनगट धरून ठेवायची आणि गप्प बसून राहायची. लेकरू ओढ घ्यायचं, रडायचं, तरी सोडायची नाही. तिचं समाधान झालं की मनगट सोडून म्हणायची, "खा आता." तिची मुलं, नातवंडं, पतवंडं या सगळ्यांनी हे सोसलं. आम्ही तिला हसायचो. गेल्या आठवड्यात माझी पणती शेजारच्या दुकानातून नारिंगी गोळी घेऊन आली. कसं झालं कळलं नाही, मी तिच्या हातातून ती घेतली, दातानं कण तोडून जिभेवर ठेवला आणि तिचं मनगट धरून बसले. "पणजी, काय करून राह्यली तू?" तिनं विचारलं. गोळी गोड होती. घशाला, ओठांना काही होत नव्हतं. आता फक्त "खा आता" म्हणायचं होतं... पोर चुळबुळत होती, माझ्या तोंडाकडं बघत होती. पण ते आमच्यात गोदाक्का म्हणायची. मला ते लवकर म्हणवेना.